कुंडीतील जुनिपर : पहिल्या वर्षाची निगा

भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधील घरात वाढदिवसाची भेट म्हणून जुनिपरचा लहानसा बोन्साय येतो. वीतभर उंची, किंचित वळलेले खोड, हिरव्यागार पालवीचे दोन-तीन थर, खाली चिनी मातीची उथळ कुंडी आणि मातीवर पांढऱ्या गोट्यांचा थर. बैठकीच्या खोलीतील कपाटावर त्याची प्रतिष्ठापना होते. घरातील कोणीतरी रोज सकाळी न चुकता त्याला लहान वाटीभर पाणी घालते. दोन महिने झाड जसेच्या तसे हिरवे असते आणि आल्यागेल्यांकडून त्याचे कौतुक होते. तिसऱ्या महिन्यात फांद्यांची टोके पिवळट दिसू लागतात आणि बघता बघता सारे झाड तांबूस होऊन जाते. मग घरात चौकशी सुरू होते. गेल्या आठवड्यात पाणी कमी पडले काय? कोणी कुंडी हलवली काय? ऊन लागले काय?

ही चौकशी चुकीच्या आठवड्याची असते. ते झाड गेल्या आठवड्यात मेलेले नसते. बहुधा कित्येक आठवड्यांपूर्वीच त्याचा प्राण गेलेला असतो आणि त्यानंतरही ते हिरवे दिसत राहिलेले असते. जुनिपर पाळू इच्छिणाऱ्या नवख्या माणसाने सर्वप्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट हीच होय. या झाडाचा रंग फार उशिरा साक्ष देतो. त्यावर विसंबून राहणारा मनुष्य उपाय करावयास उठतो तेव्हा उपायाची वेळ टळून गेलेली असते. म्हणून येथे निगा राखावयाची ती झाडाकडे पाहून नव्हे, तर प्रकाश, पाणी, माती आणि ऋतू यांच्याकडे पाहून.

जुनिपर कोठला?

जुनिपर हा सायप्रसच्या कुलातील सदापर्णी, शंकुधारी वृक्ष आहे. आयुर्वेदात हपुषा या नावाने ओळखले जाणारे औषधी फळ याच वंशातील एका जातीचे. आपल्या देशात या वंशाच्या जाती हिमालयात आढळतात. लडाखमध्ये या झाडाला शुकपा म्हणतात आणि हेमिस शुकपाचन या गावाचे नाव त्यावरूनच पडले आहे. तिबेटच्या आग्नेय भागात तर ४,९०० मीटर उंचीवर जुनिपरची झाडे उभी आहेत. उत्तर गोलार्धात याहून उंचावर वाढणाऱ्या वृक्षांची नोंद नाही. बोचरा वारा, प्रखर सूर्यप्रकाश, खडकाच्या भेगेत मूठभर माती आणि मुळांशी क्षणभरही न साचणारे पाणी, अशा परिस्थितीत या वंशाची घडण झाली आहे.

कुंडीत वृक्ष वाढविण्याची कला मूळची चीनमधील. तेथील राजपुत्र झांगहुआय याच्या इ. स. ७०६ च्या थडग्यातील भित्तिचित्रांत, तबकात रचलेली झाडे व खडक हाती घेतलेले सेवक दिसतात. जपानात १३०९ मधील एका चित्रपटावर अशा कुंड्या रंगविलेल्या आहेत. पुढे जपानी लोकांनी शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वताच्या आणि इतोइगावा परिसराच्या कड्यांवरून वाऱ्याने पिळवटलेले जुनिपर काढून आणले. शिंपाकु या नावाने प्रसिद्ध असलेला हा चिनी जुनिपरचाच एक प्रकार होय. १९२३ च्या महाभूकंपानंतर टोकियोतील काही बोन्सायकार शहराबाहेर गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी ओमिया येथे बोन्सायचे स्वतंत्र गाव वसविले. त्या बागांतील झाडे उघड्या मांडवांवर ठेवलेली असतात. समारंभापुरते एखादे झाड एक-दोन दिवस घरात आणतात आणि पुन्हा बाहेर नेऊन ठेवतात.

आपल्याकडील रोपवाटिकांत मिळतो तो बहुधा चिनी जुनिपर किंवा जमिनीलगत पसरणारा त्याचा जपानी भाऊबंद. मैदानी प्रदेशातील बागांतही चिनी जुनिपर लावला जातो. त्यामुळे भिलाईत तो जगविणे अशक्य नाही, मात्र सोपेही नाही. विकत घेताना मोरपंखीशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. मोरपंखीच्या डहाळ्या चपट्या पंख्यांसारख्या उभ्या असतात व तिच्या फळाला लहान शिंगे असतात. जुनिपरची डहाळी गोलसर असून तिला खवल्यांसारखी किंवा सुईसारखी पाने चहूबाजूंनी चिकटलेली असतात, आणि फळ लहान निळसर बोरासारखे दिसते.

हिरवेपणाची फसवणूक

दारावर बांधलेले आंब्याचे तोरण दोन दिवसांत कोमेजते. झेंडूच्या रोपाला एक दिवस पाणी मिळाले नाही तर ते मान टाकते आणि पाणी घालताच तासाभरात पुन्हा उभे राहते. या झाडांची पाने मऊ असतात. पेशींतील पाण्याच्या दाबावरच ती ताठ राहतात. दाब उतरला की पान लोंबते आणि माळ्याला वेळीच सूचना मिळते.

जुनिपरचे पान निराळ्या घडणीचे आहे. ते आखूड, कठीण व मेणचट आवरणाचे असून त्याच्या त्वचेखाली जाड भित्तींच्या पेशींचा थर असतो. आतील पाणी उणे झाले तरी त्याचा आकार मोडत नाही, म्हणून ते कधी मान टाकत नाही. मेणाच्या आवरणामुळे पाणी बाहेर पडण्याचा वेगही मंद असतो. मुळे मेली तरी पाने साठलेल्या ओलाव्यावर कित्येक आठवडे हिरवी राहतात. तोडून ठेवलेली फांदीसुद्धा अशीच बराच काळ हिरवी दिसते.

रानात हा गुण जुनिपरला तारक ठरतो. २००२-०३ च्या सुमारास अमेरिकेच्या नैऋत्य भागात कडक अवर्षण पडले, तेव्हा एकाच डोंगरउतारावरील पाइन वृक्ष मोठ्या संख्येने मेले आणि जुनिपर बहुतांशी तगले. खोडातील जलवाहक नलिकांत हवा शिरून पाण्याची धार तुटणे, हे अवर्षणात झाडे मरण्याचे एक मुख्य कारण असते. जुनिपरच्या नलिका पाण्याची मोठी ओढही न तुटता सोसतात. पण ज्या झाडाची मुळे खडकाच्या भेगेत खोलवर गेलेली आहेत त्याची गोष्ट वेगळी आणि दोन ओंजळी मातीत ज्याची सारी मुळे कोंबलेली आहेत त्याची वेगळी.

खोलीत नव्हे, उघड्यावर

घरात ठेवलेला जुनिपर उपासमारीने मरतो. दुपारी उघड्या आकाशाखाली सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. खोलीच्या मध्यभागी तो अनेकदा दोनशे-तीनशे लक्सच असतो. हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण अंधारात बाहुली विस्फारून मनुष्याचा डोळा स्वतःला सावरून घेतो. पानाला तशी सोय नाही. खोलीतील प्रकाशात पान जितके अन्न तयार करते त्याहून अधिक अन्न श्वसनात खर्च होते. फांद्या-मुळांत साठविलेल्या पिष्टमय पदार्थांवर झाड काही काळ निभावते. ते संपले की प्रथम मुळांची कोवळी टोके मरतात आणि मग पाणी घालूनही पाणी चढत नाही.

तेव्हा जुनिपरची जागा गच्ची, अंगण, ओसरी किंवा मोकळा सज्जा हीच होय. भिलाईत सकाळचे चार-पाच तास ऊन व दुपारनंतर सावली मिळेल अशी पूर्वेकडील जागा सर्वांत चांगली. पश्चिमेकडील भिंत दिवसभर तापून रात्रीही उष्णता बाहेर टाकत राहते; तिच्या पायथ्याशी कुंडी ठेवू नये. आतापर्यंत घरात असलेले झाड एकदम उन्हात ठेवल्यास पाने भाजतात. प्रथम सावलीत, मग कोवळ्या उन्हात, अशा क्रमाने त्याला दोन आठवड्यांत बाहेरची सवय करावी.

उथळ कुंडीचे गणित

पाणी किती दिवसांनी घालावे, हा प्रश्न नवखा मनुष्य हटकून विचारतो. या प्रश्नाला दिवसांत उत्तर नाही. तरीही उथळ कुंडीत पाणी कसे वागते हे समजले तर प्रत्येकाला स्वतःचे उत्तर काढता येते.

त्यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगा एक प्रयोग आहे. भांडी घासण्याचा लांबट चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून पूर्ण भिजवावा आणि आडवा धरावा. ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग तोच स्पंज न दाबता उभा धरावा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, त्यातील छिद्रेही तीच. बदलली ती केवळ उंची. स्पंजाच्या तळाशी केशाकर्षणाने पाण्याचा एक थर धरून ठेवलेला असतो आणि त्या थराची जाडी छिद्रांच्या आकारावर ठरते, स्पंजाच्या उंचीवर नव्हे. स्पंज आडवा असताना त्याचा बराचसा भाग या थरात बुडालेला असतो. उभा केल्यावर थोडाच भाग बुडतो.

कुंडीतही हेच घडते. एकच माती खोल कुंडीत भरली तर तळचा लहानसा भाग चिंब राहतो. दोन बोटे खोलीच्या कुंडीत भरली तर जवळजवळ सारी मातीच चिंब राहते. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीची छिद्रे पाण्याने भरून राहिली की मुळे गुदमरतात, आणि अशा मुळांवर फायटोफ्थोरासारखे कुजविणारे रोगजंतू सहज चढाई करतात. यावरून हेही दिसून येईल की, निचऱ्यासाठी तळाशी खडे घालण्याची प्रचलित पद्धत उपयोगाची नाही. खड्यांमुळे मातीची खोली आणखी कमी होते आणि पाण्याचा थर तेवढा वर सरकतो. उपाय एकच : मातीचे कण मोठे असावेत. कण जितके मोठे तितका हा थर पातळ.

आता रोजच्या वाटीभर पाण्याचा दोष ध्यानात येईल. चिकट मातीत वरचा थर रोज ओला होतो आणि आतला गोळा कोरडाच राहतो. किंवा याच्या उलट, भोक नसलेल्या कुंडीत पाणी तळाशी साचून राहते. रोपवाटिकेतून आलेल्या पुष्कळ झाडांची मुळे घट्ट तांबड्या मातीच्या गोळ्यात असतात. तो एकदा सुकला की पाणी त्याच्या कडेने निसटून जाते. अशी कुंडी आणल्याबरोबर पाण्याच्या टपात काठापर्यंत बुडवून ठेवावी आणि बुडबुडे येणे थांबल्यावर काढून निथळू द्यावी. मातीवर चिकटविलेले गोटे काढून टाकावेत, कारण त्यांच्याखाली माती ओली आहे की कोरडी हे कळत नाही.

पुढे रोज सकाळी बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. वरची माती कोरडी आणि पेराच्या टोकाशी किंचित ओल लागत असेल तर पाणी घालावे. टोकाशी चांगली ओल असेल तर घालू नये. घालताना मात्र तळाच्या भोकांतून धार लागेपर्यंत झारीने घालावे. कुंडीखाली बशी ठेवू नये. काही दिवसांत कुंडी उचलूनच तिच्या वजनावरून ओलीचा अंदाज येऊ लागतो.

माती आणि पाणी

छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे चार प्रकार सांगतो. भाटा म्हणजे उंचवट्यावरील तांबडी, मुरमाड जमीन. कन्हार म्हणजे सखलातील काळी, चिकण जमीन. मटासी आणि डोरसा या दोहोंच्या मधल्या. धानासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीचे मोल मोठे, पण जुनिपरच्या कुंडीत नेमका तोच गुण घातक ठरतो. अंगणातील काळी माती कुंडीत भरणे म्हणजे झाडाचा श्वास कोंडणे होय.

पक्क्या विटांचे तीन ते पाच मिलिमीटर आकाराचे तुकडे दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग आणि चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत एक भाग, असे मिश्रण येथे चालू शकते. ते चाळून त्यातील धूळ काढून टाकावी. तशीच राहिली तर तीच छिद्रे बुजवते. पोलादाच्या या नगरीत झोतभट्टीची मळी सहज दिसते आणि तिचे खडेही विटांच्या तुकड्यांसारखेच वाटतात; परंतु मळीत चुन्याचा अंश भरपूर असून ती अल्कधर्मी असते. कुंडीत ती वापरू नये.

या परिसराखाली चुनखडीचे थर आहेत. भिलाईच्या कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनीच्या खाणी जवळच आहेत. त्यामुळे कूपनलिकेचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. ते सतत घातल्यास कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढतात आणि मातीतील लोह झाडाला घेता येईनासे होते. पावसाचे पाणी झाकलेल्या पिंपात साठवून मधूनमधून तेच घातल्यास ही पुटे धुऊन निघतात.

भिलाईचे तीन ऋतू

उन्हाळा ही पहिली कसोटी. मे महिन्यात येथे पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो आणि कोरडा वारा सुटतो. हवेच्या उष्णतेपेक्षा कुंडीची उष्णता अधिक घातक असते; उन्हात तापलेल्या पातळ कुंडीतील मुळे अक्षरशः शिजतात. एप्रिलच्या प्रारंभापासून झाडावर निम्मे ऊन अडविणारी हिरवी जाळी बांधावी आणि कुंडी ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या पसरट पाटीत ठेवावी. पाटीला तळाशी भोके असावीत. मातीची तपासणी सकाळी व संध्याकाळी अशी दोनदा करावी. दुपारी नळीने पाणी घालू नये, कारण उन्हात पडलेल्या नळीतील पहिले पाणी हात पोळण्याइतके तापलेले असते. या काळात खत, छाटणी व कुंडी बदलणे सर्वथा वर्ज्य.

याच दिवसांत लाल कोळी ही कीड येते. पाने धुरकट, निस्तेज दिसू लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून ती हलकेच झटकावी. कागदावर मोहरीहूनही बारीक ठिपके चालू लागले तर निदान झाले. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पालवी खालून-वरून धुवावी. ही कीड कोरडेपणात फोफावते.

पावसाळा ही दुसरी कसोटी, आणि ती अधिक फसवी. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत येथे वर्षाचा बहुतेक सारा पाऊस पडतो. उन्हाळ्यात पाण्याची दक्षता घेणारा मनुष्य पावसात निश्चिंत होतो आणि नेमके तेव्हाच झाड गुदमरते. कुंडी विटांवर उचलून ठेवावी आणि एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरपी करावी. तिरप्या कुंडीत पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते व जादा पाणी गळून जाते. स्पंजाच्या प्रयोगाचाच हा उपयोग होय. झड लागली तर झाड छपराखाली, पण मोकळ्या हवेत आणि प्रकाशात न्यावे. करपलेल्या डहाळ्या दिसताच कापून दूर टाकाव्यात.

ऑक्टोबर ते मार्च हा झाडाचा सुखाचा काळ. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१३ अंशांवर येतो. जुनिपरला ही थंडी मुळीच जाचत नाही आणि त्याला घरात आणण्याचे कारण नाही. आता दिवसभराचे ऊन द्यावे. कडुनिंबाच्या किंवा मोहरीच्या पेंडीची चिमूटभर पूड महिन्यातून एकदा मातीवर पसरावी. कुंडी बदलावयाची असल्यास फेब्रुवारीचा प्रारंभ योग्य. त्या वेळी मुळांचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये आणि सारी जुनी माती धुऊन मुळे उघडी करू नयेत. जुन्या मातीत मुळांशी सहजीवन करणारे कवक असते आणि ते झाडाला खनिजे मिळवून देते.

हात आवरणे

बोन्साय म्हटला की कात्री आणि तार डोळ्यांपुढे येतात. नवख्याचे हात शिवशिवतात. कुंडी घरी येताच तो एकाच रविवारी फांद्या छाटतो, तार गुंडाळतो, मुळे कापतो आणि नवी कुंडी देतो. यांतील प्रत्येक क्रिया झाड एकेकटी सोसू शकते. चारही एकदम सोसू शकत नाही.

छाटणीचा एक नियम विशेष आहे. वड किंवा पिंपळ ठुंठ होईपर्यंत तोडला तरी जुन्या खोडातून धुमारे फुटतात. जुनिपरच्या उघड्या, पाने नसलेल्या लाकडातून बहुधा नवी पालवी येत नाही. फांदीवरील सगळी हिरवी पाने काढली की ती फांदी गेलीच. शिवाय याची शक्ती पालवीतच असते. सर्व टोके नखांनी खुडीत बसल्यास झाड दुबळे होते आणि खवल्यांच्या पानांऐवजी बाल्यावस्थेतील टोकदार सुया फेकू लागते. तेव्हा पहिल्या वर्षी सुकलेल्या डहाळ्या आणि फांदीच्या बगलेत खाली लोंबणारी पालवी एवढेच काढावे. तार लावलीच तर ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याची. आणि दर पंधरवड्याला पाहून ती सालीत रुतण्यापूर्वी कापून काढावी.

जिवंत की मृत?

झाडाच्या प्रकृतीविषयी शंका आली तर रंगापेक्षा विश्वासार्ह अशा तीन खुणा आहेत. वाढीच्या दिवसांत फांद्यांच्या टोकांशी इतर पालवीपेक्षा फिकट, तजेलदार हिरवा रंग दिसतो काय, ही पहिली. डहाळी हलकेच वाकवली असता लवते की कटकन मोडते, ही दुसरी. खोडाच्या एखाद्या आडबाजूस नखाने तिळाएवढी साल खरवडली असता खाली ओलसर हिरवा थर लागतो की कोरडा तपकिरी, ही तिसरी. निस्तेज करडा हिरवा रंग, ठिसूळ डहाळ्या आणि कोरडी अंतर्साल ही तिन्ही चिन्हे साऱ्या झाडावर एकत्र दिसली तर ते झाड गेले असे समजावे. एखादीच फांदी तशी असेल तर घाबरून पाणी व खत यांचा मारा न करता जागा, माती आणि निचरा तपासावा.

जानेवारी २०१९ मध्ये टोकियोजवळील सैतामा प्रांतातील एका बागेतून सात बोन्साय चोरीस गेले. त्यांत सुमारे चारशे वर्षे वयाचा एक शिंपाकु जुनिपर होता. त्या वेळी मालकांच्या कुटुंबाने चोरट्यांना जाहीर विनंती केली ती अशी की, निदान झाडांना पाणी तरी घालावे. पाण्यावाचून तो जुनिपर आठवडाभरही टिकणार नाही. चारशे वर्षे म्हणजे माणसांच्या कितीतरी पिढ्या. त्यांतील कित्येक पिढ्यांत कोणीतरी रोज सकाळी मातीला बोट लावून पाहिले होते. त्या जुनिपरचे कुंडीतील आयुष्य अशा सकाळींनी मिळून बनलेले होते.

भिलाईतील नवख्या माणसाच्या हाती आलेले झाड बहुधा चार-पाच वर्षांचे असते. पहिल्या वर्षी त्याला सुंदर करण्याचे मनात आणू नये. त्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा पार करावा, एवढेच ध्येय ठेवावे. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर फांद्यांच्या टोकांशी ती फिकट तजेलदार पालवी दिसली, म्हणजे वर्षाची परीक्षा उत्तीर्ण झाली. मग कात्री हाती घ्यावयास हरकत नाही.